लाल टोपी की खाकी: लष्करी पोलीस आणि महाराष्ट्र पोलीस

भाचीची बारावी झाली आणि घरात वाद सुरू झाला: लष्करी पोलिसांत (ते लाल टोपीवाले) चार वर्षांसाठी 'अग्निवीर' जवान व्हायचं, की आपल्या जिल्ह्याची पोलीस भरती द्यायची? भरतीची तयारी करून घेणारे अकादमीवाले दोन्हीकडे 'हमखास' म्हणतात, ते सोडून द्या.

काम: इथेच लोकांची जास्त गल्लत होते. लष्करी पोलिसांचं हे दल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभं राहिलं. छावणीतली शिस्त, लष्करी ताफ्यांची वाहतूक, युद्धकैद्यांची व्यवस्था, जवानांच्या गुन्ह्यांचा तपास ही त्यांची कामं. तुमच्या गल्लीतल्या चोरीशी त्यांचा संबंध नाही. मुलींना जवान म्हणून प्रवेश नवाच. बंगळुरूहून ८३ जणींची पहिली तुकडी २०२१ साली बाहेर पडली. खाकीत मात्र बंदोबस्त, ठाणे, तक्रारदार, कोर्टाच्या तारखा, आणि गणपतीत रजा विसरायची.

मैदान: लष्कराला १.६ किलोमीटर धावणं, लांब उडी, उंच उडी. पोलिसांत ८०० आणि १०० मीटर, गोळाफेक. वर १०० गुणांची लेखी.

पैसा आणि मुदत: अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० कापून सेवानिधीत जमा होतात. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम. बाकीच्यांना तो निधी एकरकमी, पेन्शन नाही. पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून, वर भत्ते, नोकरी वयाच्या ५८ पर्यंत.

घरची जबाबदारी असेल तर खाकीच. वय कमी, पाठीशी घर आणि महाराष्ट्राबाहेर राहायची तयारी असेल, तर लाल टोपी आधी. वयोमर्यादा तिचीच लवकर संपते.