एमए संस्कृत, दोन वर्षं, न दिसता: आमच्या विभागाचा रिव्ह्यू

मला जन्मापासून दिसत नाही. एमए संस्कृत नुकतंच संपलं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाहीये, कारण तिथले सर-मॅडम मला घरच्यासारखे आहेत आणि मी ज्या अडचणी सांगणारे त्या बऱ्याच ठिकाणी असणार. पण संस्कृत, पाली, अर्धमागधी असं काही घ्यायचा विचार करणारं कुणी दृष्टिहीन असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय, मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिलं वर्ष इतकं रडत गेलं नसतं.

ॲडमिशन सोपी झाली. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयात ५ वर्षं सूट पण आहे, ऑफिसातल्या काकांना सगळं माहीत होतं, कार्ड बघितलं आणि फॉर्म घेतला. शिकवणं तर फारच छान. मॅडम श्लोक आधी चालीत म्हणायच्या, मग पदं सोडवायच्या, मग अन्वय, आणि फळ्यावर जे लिहितील ते तोंडानेही बोलायच्या. ही विद्या मुळात कानाचीच ना, पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ या वेद म्हणायच्या पद्धती, सगळं ऐकून आणि म्हणून टिकलं. वर्गात मी कुठेही मागे नव्हते.

मागे पडायचे ते होस्टेलला आल्यावर. व्हॉट्सॲपवर नोट्स यायच्या त्या सगळ्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, म्हणजे पानाचे फोटो. माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केला, ते स्वतः दृष्टिहीन आहेत, आणि माझं निम्मं एमए त्याच्या जोरावर झालंय. पण फोटोत अक्षरच नसेल तर तो बिचारा वाचणार काय. काही सरांच्या नोट्स टाइप केलेल्या होत्या पण जुन्या फाँटमध्ये, युनिकोड नाही, मग नुसती एबीसीडी आणि कंस ऐकू यायचे. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, तेही करून बघितलं, साधा मजकूर बरा येतो, पण चिकित्सक आवृत्तीत (अनेक हस्तलिखितं ताडून केलेल्या) पानाखाली बारीक टायपात पाठभेद, म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले फरक, असतात तिथे पार खिचडी होते. आणि एमएला तेच तर शिकायचं असतं!

अजून एक गोष्ट, जी डोळस लोकांच्या लक्षातच येत नाही. मशीनचा मराठी आवाज शब्दाच्या शेवटचा अ खातो, आपण बोलताना खातो तसाच. त्यामुळे अभवत् म्हणजे तो झाला आणि अभवत म्हणजे तुम्ही झालात, हे दोन्ही मला अगदी सारखंच ऐकू यायचं. व्याकरणाच्या पेपरात हा पूर्ण मार्क जाणारा फरक आहे. मग प्रत्येक शब्दावर थांबून बाण दाबत एकेक अक्षर ऐकायचं, एका पानाला अर्धा तास. ब्रेलमध्ये हा त्रास नाही, हलंताचं, म्हणजे अक्षरात अ नसल्याचं, टिंब अक्षराच्या आधीच बोटाला लागतं. लायब्ररीत ब्रेल डिस्प्ले, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोटाखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र, होता सुद्धा, पण खोक्यात बंद, तो बाहेर काढून घ्यायला मला सात महिने आणि चार अर्ज लागले.

परीक्षेला तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात, ती मिळाली. पण रायटर, म्हणजे मी सांगेन ते उत्तरपत्रिकेत लिहिणारी, दिली ती कॉमर्सची मुलगी, स्वभावाने गोड, संस्कृत शून्य. तिला मी 'द्ध्य' कसं काढायचं ते सांगत बसले, जास्तीचा तास त्यातच गेला.

माझी मैत्रीण पायाला कॅलिपर लावते. विभाग पहिल्या मजल्यावर, दगडी इमारत, लिफ्ट नाही. तिने सांगितल्यावर आठवड्यात सगळे तास तळमजल्यावर आणले, एक रुपयाही खर्च झाला नाही.

स्वागताच्या दिवशी सरांनी प्रेमाने माझी ओळख प्रज्ञाचक्षू, म्हणजे बुद्धी हेच जिचे डोळे, म्हणून करून दिली आणि गुलाबराव महाराजांचं नाव घेतलं. विदर्भातले ते संत, लहानपणीच दृष्टी गेलेली, अवघं ३४ वर्षांचं आयुष्य, १९१५ साली गेले, आणि तेवढ्यात किती ग्रंथ रचले. मला ते फार जवळचे वाटतात. पण त्यांना वाचून दाखवायला माणूस लागायचा, दुसरा इलाजच नव्हता. मला आज माणूस का लागावा, जेव्हा तोच श्लोक टाइप केलेला असला की मी रात्री दोन वाजता एकटीने वाचू शकते? कोलोन विद्यापीठाच्या साइटवर आपट्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश टाइप केलेला आहे, तो पहिल्यांदा उघडला आणि कुणालाही हाक न मारता एक शब्द शोधला, त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी स्वतः बसून कौमुदी या व्याकरणग्रंथाचा नेमलेला भाग युनिकोडमध्ये टाइप केला, रोज थोडा थोडा, मला फोनवर वाचून चुका विचारायच्या. त्या पेपरात मी वर्गात दुसरी आले.

शिकवण्याला ५ पैकी ५, अभ्यासाच्या साहित्याला २, परीक्षेला ३. ॲडमिशन घेणाऱ्यांनी फी भरायच्या आधी विभागात जाऊन मागच्या सेमिस्टरची एक नोट मोबाईलवर मागून घ्या आणि तिथेच उभं राहून स्क्रीन रीडरने उघडून बघा. रायटर संस्कृत येणारी मिळेल का ते लेखी विचारा. आणि आमच्याच विभागात आलात तर माझ्यासाठी टाइप केलेली कौमुदी तिथे ठेवलीय, मॅडमकडे मागा, त्या लगेच देतील.