पैसे लिबर्टीचे, जहाज भलतंच

बालीला बुडालेलं जहाज बघायला जाणार असाल तर पावतीवर जहाजाचं नाव आणि गावाचं नाव, दोन्ही लिहून घ्या. आमच्या पावतीवर नुसतं ‘शिपरेक डाइव्ह, आमेद परिसर’ होतं. त्या ‘परिसर’ शब्दात आम्हा दोघी मावसबहिणींचे 16 हजार रुपये अडकले.

मला बघायचं होतं तुलांबेन गावचं ‘लिबर्टी’. अमेरिकन लष्कराचं हे मालवाहू जहाज. जानेवारी 1942 मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याच्यावर टॉर्पेडो मारला. बालीच्याच सिंगाराजा बंदराला ओढत न्यायचा बेत होता, पण पाणी फार भरलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावरच चढवलं. तिथे ते 21 वर्षं पडून होतं. 1963 मध्ये अगुंग ज्वालामुखी उसळला आणि त्या हादऱ्यांनी ते घसरत पाण्यात गेलं. सुमारे 120 मीटरचं ते धूड आता किनाऱ्याजवळच कुशीवर आडवं आहे. तळ 30 मीटरच्या आसपास, पण वरचा भाग 5 मीटरवरच लागतो. पहिल्या वेळेला 12 मीटरखाली नेत नाहीत, त्यामुळे आमच्यासारख्या नवशिक्यांनाही त्यातलं बरंच दिसतं. हे सगळं मी वाचून गेले होते. काळ्या गोट्यांचा किनारा, डोक्यावर टाक्या वाहून नेणाऱ्या गावच्या बायका, सगळं! म्हणून तर जास्त लाज वाटते.

एजंट डोंबिवलीचा. परदेशच्या प्रवासात कोणी मराठीत बोललं की आपण लगेच पाघळतो. “ताई, निर्धास्त या, लिबर्टी दाखवायची जबाबदारी माझी.” आता आठवतंय, हे नाव त्याने प्रत्येक वेळी फोनवरच घेतलं, लिहून एकदाही नाही. पैसे मात्र सगळे आगाऊ घेतले.

चुलिकच्या तिठ्यावर गाडी उजवीकडे, आमेदच्या रस्त्याला लागली. तुलांबेन त्याच्या उलट बाजूला. पाटी मी वाचली. ड्रायव्हरला विचारलं, तर तो हसून “शिपरेक, यस, यस” म्हणाला. मी गप्प बसले. माझ्या सगळ्या चुकांत ही सगळ्यात मोठी.

आमेदच्या पुढे बन्युनिंगला एक लहान, ‘जपानी’ म्हणून ओळखलं जाणारं जहाज बुडालेलं आहे. आम्हाला नेलं ते तिथे. दोन एसट्या मागेपुढे उभ्या केल्या तर होईल एवढी लांबी, आणि किनाऱ्यावरून नुसता स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची हवेची नळी, लावूनही दिसणारं. फॉर्म नाही, तब्येतीची चौकशी नाही. बहिणीला लहानपणी दमा होता, तो तिने आपणहून सांगितला, तर गाइडने अंगठा वर केला. मग पाठीवरच्या टाकीला धरून आम्हाला बाजारातल्या पिशव्यांसारखं फिरवलं आणि 20 मिनिटांत वर आणलं.

मासे सुंदर होते, ते खोटं कशाला बोलू. लोखंडाच्या फासळ्यांवर मऊ प्रवाळ फुललेलं, पोपटमासे खरवडत बसलेले. फसवलं माणसांनी, त्यात माशांचा काय दोष!

रात्री 14 फोटो आले. दोनांत जहाजावरची भलीमोठी तोफ होती. आम्ही पाण्यात तोफ पाहिलीच नव्हती. शिवाय त्या फोटोतल्या बाईच्या पायांत पिवळे फिन होते आणि आमचे काळे. तेव्हा कुठे मी नकाशा उघडला.

फोनवर तो म्हणाला, “अहो ताई, जहाज ते जहाज. मासे बघितलेत ना? पावतीवर लिबर्टी कुठे लिहिलंय ते दाखवा.” दाखवणार काय! पुष्कळ वाद घातल्यावर 3 हजार परत आले आणि त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

तुम्ही बुकिंग करताना विचारा: कुठल्या गावच्या किनाऱ्यावरून उतरणार, गाइडचं डाइव्हिंगचं कार्ड कुठल्या संस्थेचं, एका गाइडमागे किती जण, तब्येतीचा फॉर्म कधी भरायचा. उत्तर लेखी मागा. फोनच आला तर “मेसेज करा” म्हणा.

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही स्वतः गाडी ठरवून तुलांबेनला गेलो. डाइव्हचे पैसे उरले नव्हते, म्हणून भाड्याचे मास्क लावून वरवरच तरंगत राहिलो. खाली लिबर्टी दिसत होतं. बहीण पाण्यातून डोकं वर काढून म्हणाली, “अगं, हे संपतच नाहीये.”