नाकातलं मास परत परत वाढतंय? नाक धुवायची बाटली वापरून झाले काही महिने, माझा अनुभव

पॉलिप म्हणजे आपल्याकडं 'नाकात मास वाढलंय' म्हणतात ते. मला दोन्ही बाजूला, सोबतीला दमा, आणि एकदा दुर्बिणीचं ऑपरेशन होऊनसुद्धा परत आलेलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ऑपरेशननं मास निघतं पण आतली सूज यायची खोड जात नाही, रोज नाक धुवा नाहीतर परत भेटूच. म्हणून ही २४० मिलीची दाबायची बाटली, दिवाळीपासून चालूय, आता पाऊस लागला.

पाणी उकळून कोमट केलेलं, थेट नळाचं नाही म्हणजे नाहीच. त्यात मीठ-सोड्याची पुडी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं बुडेसोनाइड ह्या स्टेरॉइडचं रेस्प्यूल (पातळ औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी), तेच जे दम्याला नेब्युलायझरमधनं देतात. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि हळू दाबायचं, एका नाकपुडीतनं आत दुसरीतनं बाहेर. जोरात दाबलं की कानात दडा बसतो. आणि खरी गंमत नंतर, अर्ध्या तासानं चपलेचा पट्टा लावायला वाकलो की नाकातनं धार, एकदा तर दुकानात गिऱ्हाइकाच्या बिलावरच!

स्टेरॉइड म्हटलं की आमच्याकडं सगळे दचकतात, पण हे नाकात लागतं, रक्तात फार थोडं जातं. गोळ्यांचं तसं नाही, त्या घेतल्या की चार दिवस नाक एकदम मोकळं, मग शुगर वाढते, झोप उडते आणि बंद केल्या की मास परत हजर. ऑपरेशनच्या आधी पण धुवायचो, तेव्हा फरक थोडाच, आता सायनसची तोंडं उघडी झाल्यामुळं औषध आत पोचतं असं वाटतंय.

वास यायला वेळ लागला. आणि पहिला वास कशाचा, तर आमच्या कोल्हापूरच्या जयंती नाल्याचा! पुलावर गाडी बाजूला घेऊन हुंगत बसलो, लोक बघायला लागले. मग हळूहळू घरातल्या तांबड्या रश्श्याची फोडणी यायला लागली. सर्दी झाली की मात्र आठवडाभर परत सगळं सपाट.

तोटे सांगायचे तर पुड्या महाग पडतात, बाटली रोज वाळवायची, काही महिन्यांनी बदलायची आणि गावाला जाताना उकळलेल्या पाण्याची कटकट. मेडिकलमधले नाक मोकळं करणारे थेंब ह्याच्या जागी वापरू नका, चारपाच दिवसांच्या वर गेले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिननं धाप लागत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्या प्रकारात मास लई चिवट असतं.

डुपिलुमॅब इंजेक्शनचं पण विचारलं, अमेरिकेत २०१९ ला पॉलिपसाठी मंजूर झालंय, दर दोन आठवड्यांनी टोचायचं. किंमत ऐकून गप्प घरी आलो.

परवा दुर्बीण घातली, उजवी बाजू साफ, डावीकडं थोडी सूज आहे. डोस तोच ठेवलाय, गणपती झाल्यावर परत बोलावलंय. पाचपैकी चार स्टार, एक त्या बिलावरच्या धारेचा कापला.