पंप किती जोरात ओढावा: मॉडफ्लो ६ नऊ महिने वापरल्यानंतर

गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमची पोफळीची वाडी आहे. पुळणीपासून विहीर पावणेदोनशे मीटर आत. शिमगा उलटला की पाणी मचूळ लागायला सुरुवात होते आणि मे महिन्यात पोफळींची पानं कडेने करपतात. काका वर्षानुवर्षं म्हणत आलेत, "समुद्र आत सरकतोय रे." मी भूजलाचंच काम करतो, त्यामुळे माझ्या मनात प्रश्न वेगळा होता. खारं पाणी आडवं आत येतंय की विहिरीच्या बुडाखालून वर चढतंय? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गेल्या सप्टेंबरात मॉडफ्लो ६ मांडून बसलो ते यासाठी.

जमिनीखालचं पाणी कसं वाहतं याचं गणिती मॉडेल करणारं हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, २०१७ पासूनचं. पैसे पडत नाहीत, आतला कोडही खुला आहे. पूर्वी अशा कामाला त्याच संस्थेचं सीवॅट वापरत. त्याचं गणित गोड्या पाण्याच्या समतुल्य पातळीत चालायचं आणि उत्तर वाचताना डोक्यात दर वेळी उलटा हिशोब करावा लागायचा. मॉडफ्लो ६ मधला घनतेचा फरक धरणारा भाग, बॉयन्सी पॅकेज, विहिरीत टेप सोडून मोजतो तीच पातळी धरून चालतं. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

गोडं पाणी घनमीटरला १००० किलो, समुद्राचं साधारण १०२५. या अडीच टक्क्यांवर सगळा खेळ आहे. गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. घायबेन-हर्झबर्ग नियमाने विहिरीची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर खारं पाणी समुद्रसपाटीखाली साधारण ४० मीटरवर असतं. आता हेच उलटं बघा. पंपाने पातळी १० सेंटीमीटर उतरवून तशीच ठेवली, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४ मीटर वर येऊ पाहतं. म्हणून मॉडेलला हात लावायच्या आधी मी डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन दोन दिवस विहिरीचा काठ समुद्रसपाटीशी जोडत होतो. तिथे १० सेंटीमीटर चुकलो असतो तर पुढच्या नऊ महिन्यांना अर्थ नव्हता.

गेल्या वर्षीच्या एप्रिलात पातळी समुद्रसपाटीच्या ४० सेंटीमीटर वर भरली. नियमाने खारं पाणी १६ मीटर खाली हवं. वाडीतल्या जुन्या बोअरमध्ये कंडक्टिव्हिटी मीटरचा प्रोब खुणा केलेल्या दोरीने सोडला; पाणी जितकं खारं तितका याचा आकडा मोठा. समुद्रसपाटीखाली ८ मीटरवर ९००, १० मीटरवर १४०० आणि साडेअकरावर एकदम ९००० मायक्रोसीमेन्स. समुद्राचं पाणी ५०,००० च्या आसपास असतं. म्हणजे चढण सुरू झालेली होती.

मॉडेलची सुरुवात मी हेन्रीच्या कोड्यापासून केली, खाऱ्या पाण्याची मॉडेलं तपासायचं हे ठरलेलं उदाहरण. १९६४ मधलं, २ मीटर लांब आणि १ मीटर उंच अशा कल्पित पेटीचं. मॉडफ्लोची मॉडेलं पायथॉनमधून बांधायच्या फ्लोपाय या साधनाने ते अर्ध्या तासात चाललं आणि वाटलं, जमलं. मग आमच्या किनाऱ्याचा उभा छेद घेतला, तर मॉडेलमध्ये खारं पाणी आत येतच नव्हतं. दोन आठवडे मी वाळूची पारगम्यता बदलत बसलो. चूक वेगळीच होती. समुद्राच्या कडेला पाण्याची पातळी दिली होती, क्षारांचं प्रमाण द्यायचं राहिलं होतं. ते दिलं नाही की आत शिरणारं पाणी गोडंच धरलं जातं आणि गणित बिनतक्रार पूर्ण होतं. आता प्रत्येक मॉडेलमध्ये पहिली गोष्ट बघतो ती ही: पहिल्या काही दिवसांत समुद्राकडून किती मीठ आत आलं. शून्य असेल तर पुढचं काहीच बघायचं नाही.

एककांचंही तसंच. घनतेचा गुणांक, म्हणजे क्षार एका किलोने वाढले की घनता किती वाढते तो आकडा, ०.७ ठेवला तर क्षार घनमीटरला किलोमध्येच द्यायचे, समुद्रासाठी ३५. मिलिग्रॅमच्या सवयीने ३५,००० लिहिले तर समुद्राची घनता पाऱ्याच्याही वर जाते.

मॉडेल जमिनीचे जे चौकोन पाडून गणित करतं, ते जाळीचे सेल सुरुवातीला ५ मीटरचे ठेवले होते. त्यात गोड्या-खाऱ्याची सीमा ८ मीटर जाडीची दिसायची, बोअरमध्ये मात्र दीड-दोन मीटरमध्येच पाणी बदलत होतं. तो जाडपणा जमिनीतला नव्हता, गणिताने पसरवलेला होता. सेल लहान केले, असा खोटा पसारा कमी करणारी टीव्हीडी ही गणिती पद्धत लावली, तेव्हा सीमा आवळली. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर छेद दहा मिनिटांत सुटतो. पण विहिरीखाली खारं पाणी शंकूसारखं चढतं, ते छेदात नीट येत नाही. छेदातली विहीर म्हणजे किनाऱ्याला समांतर खणलेला लांबलचक चर होतो. मग त्रिमितीय करावं लागलं. ते रात्री लावून सकाळी बघायचो.

उत्तर मात्र त्यातूनच मिळालं. काका शिंपण्यासाठी पाच एचपीचा पंप दीड तास चालवायचे, पाणी साधारण ३०,००० लिटर. तेवढंच पाणी तासाला ५००० लिटरने सहा तासांत काढलं आणि फूटव्हॉल्व्ह दीड मीटर वर घेतला, तर मॉडेलमध्ये शंकू विहिरीच्या बुडापर्यंत पोचत नाही. समुद्राकडून आडवं येणारं पाणी आमच्या विहिरीत जवळजवळ नाहीच.

काकांना पटवायला मी मॉडेल दाखवलं नाही, बोअरमधली दोरी दाखवली. दर मीटरचं पाणी त्यांनी स्वतः चाखलं. साडेअकराचं थुंकून म्हणाले, "हे आपल्या पायाखालीच होतं होय?" जानेवारीत एक एचपीची मोटर बसवली. गेल्या मेमध्ये विहिरीत ३४०० मायक्रोसीमेन्स होतं, यंदा त्याच आठवड्यात २१००. सगळं श्रेय मोटरला देत नाही, गेल्या वर्षी परतीचा पाऊसही लांबला होता. आणखी दोन उन्हाळे मोजणार आहे.

हातात खोलीनुसार मोजलेली कंडक्टिव्हिटी असेल तर मॉडफ्लो ६ जरूर घ्या. पायथॉन येत नसेल तर महिनाभर जास्तीचा धरा. बोअर नसेल, तर आधी एखादी अरुंद निरीक्षण नळी घाला, तिला खर्च लॅपटॉपपेक्षा कमी येतो. भरती-ओहोटी मी अजून मॉडेलमध्ये घातलेली नाही. उधाणाच्या दिवसांत बोअरची पातळी तासातासाला टिपायला घेतली आहे, ती वही भरली की पुढचं काम.