मांडवातल्या प्रदर्शनासाठी डेप्थ कॅमेरा की वेबकॅम?

लोणारजवळच्या एका गावात जत्रेत प्रदर्शन लावलं होतं. हात फिरवला की पडद्यावर सरोवराचं विवर फिरायचं. १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा उल्कापातानं बेसाल्टमध्ये कसा पडला, हे लोकांना स्वतःच्या हातानं उलगडून बघता यावं, एवढाच हेतू. लीप मोशनसारख्या हाताची हालचाल टिपणाऱ्या उपकरणांवर हात अगदी जवळ धरावा लागतो, म्हणून गर्दीसाठी ती बाजूला ठेवली. उरले दोन पर्याय: डेप्थ कॅमेरा, म्हणजे समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा कॅमेरा, किंवा साधा वेबकॅम आणि त्यावर मीडियापाइप हे चित्रातला हात ओळखणारं सॉफ्टवेअर.

आधी डेप्थ कॅमेरा लावला. सकाळी छान चालला. मागच्या गर्दीतून पुढचा माणूस नेमका वेगळा काढायचा.

तीनच्या सुमारास कनातीखालून ऊन आत आलं. एक आजी हात वर करून उभ्या होत्या, पण पडद्यावर काहीच हलेना. त्यांनी पदराला तळवा पुसला, पुन्हा वर केला आणि मला विचारलं, "काऊन रे बापू, याले माहा हात दिसत नाही का?" आपल्याच हातात काही खोट आहे, असं त्यांना वाटलं. ते मला फार लागलं.

कारण साधं आहे. हे कॅमेरे स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश सोडून अंतर मोजतात, आणि उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो. त्यात कॅमेऱ्याचा प्रकाश बुडून जातो. संध्याकाळी सगळं पुन्हा सुरळीत झालं, पण तोवर आजी निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वेबकॅम लावला. मीडियापाइप हाताचे २१ बिंदू साध्या चित्रातूनच ओळखतं, त्यामुळे हातावर ऊन पडलं तरी बिघडत नाही. मात्र उजेड माणसाच्या पाठीमागून आला की हात काळा दिसतो आणि ओळख चुकते. पडद्याची दिशा बदलून ते निभावलं. अंतराचा मात्र निव्वळ अंदाजच मिळतो, म्हणून 'हात पुढे ढकला' अशी खूण काढून टाकली. त्याऐवजी चित्रावर दीड सेकंद हात थांबवायचा, हे लोकांना सांगावंही लागलं नाही.

तुमचं प्रदर्शन अंधाऱ्या सभागृहात असेल तर कदाचित डेप्थ कॅमेराच बरा. तरी सुट्या भागांचा विचार करा: एक्सबॉक्ससाठीच्या किनेक्ट या डेप्थ कॅमेऱ्याचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलं. वेबकॅम बिघडला तर तालुक्याच्या दुकानात दुसरा मिळतो. मांडवासाठी मी तरी तोच घेईन. आणि जागा बघायला जाल तेव्हा सकाळी नको, दुपारी तीनला जा.