राऊटर चांगला, घड्याळ भिकार: घरातल्या दुसऱ्या राऊटरचा दिवाळीपासूनचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास घेतलेला हा राऊटर पावसाळा आला तरी रोज चालू आहे, आणि इतक्या महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की नेटवर्क सांभाळण्याचे काम तो चोख करतो, पण वेळ सांभाळणे त्याला मुळीच जमत नाही. अँटेना किती आणि वेग किती ही माहिती खोक्यावर छापलेली असते, ती इथे उतरवून काढत नाही. दोन हजारांच्या आतला, दोन्ही बँडचा आणि गिगाबिट पोर्टांचा साधा राऊटर आहे, एवढे पुरे.

घरात एक राऊटर असताना दुसरा का लागला, हे आधी सांगायला हवे. आमचे घर बडोद्यात दांडिया बाजारातले, जुन्या पद्धतीचे, रुंदीला कमी आणि लांबीला भरपूर. फायबरचा मोडेम, म्हणजे घरातला पहिला राऊटर, पुढच्या बैठकीच्या खोलीत आहे, मध्ये उघडा चौक आहे, आणि मागच्या खोलीत माझे हिशेबाचे व जीएसटीचे काम चालते. मधल्या भिंती विटा-चुन्याच्या आणि हातभर जाड असल्यामुळे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल चौकाच्या अलीकडेच संपतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा कसाबसा पोचतो. प्रश्न सिग्नलपुरताच असता तर एखादा रिपीटर लावून भागले असते. पण वरच्या मजल्यावर विद्यापीठात शिकणारी दोन मुले भाड्याने राहतात, त्यांच्या भाड्यात वायफाय धरलेले आहे, त्यांचे मित्र येत-जात असतात, शिवाय बैठकीत टीव्ही आणि दारावर कॅमेरा आहे. ज्या संगणकावर लोकांची खाती आहेत, तो या सगळ्या मंडळींबरोबर एकाच नेटवर्कवर असावा हे मला पटत नव्हते. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नसतो, एवढ्याच आधारावर २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने लाखोंनी कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

मोडेम बसवून गेलेल्या मुलाने सुचवलेली जोडणी सोपी होती: “काका, मोडेम तुमच्याकडे राहू द्या, नवा राऊटर वरच्यांना द्या.” ऐकायला हे रास्त वाटते, कारण मालकाला मुख्य आणि भाडेकरूला दुय्यम अशीच आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते नेमके उलटे आहे. दुसऱ्या राऊटरचा वॅन (बाहेरच्या जोडणीचा) पोर्ट मोडेमच्या लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टला जोडला की आतले नेटवर्क बाहेरच्या नेटवर्कपर्यंत जाऊ शकते, पण बाहेरचे आत येऊ शकत नाही. कारण आतून विचारलेल्या गोष्टीचे उत्तर तेवढे राऊटर आत सोडतो आणि आपणहून आलेले बाहेरच अडवतो. म्हणजे भाडेकरू आत आणि मी बाहेर असे झाले असते, तर त्यांच्या लॅपटॉपवरून माझ्या संगणकाचे दार ठोठावणे शक्य राहिले असते आणि मला त्यांचे काहीच दिसले नसते. म्हणून मोडेम भाडेकरू, टीव्ही आणि कॅमेरा यांच्यासाठी ठेवला आणि नवा राऊटर कामाच्या खोलीत आणला.

मोडेमकडचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, त्यामुळे नव्या राऊटरला १९२.१६८.५०.१ हा पत्ता दिला. दोन्हीकडे एकच मालिका राहिली तर आतला पत्ता कोणता आणि बाहेरचा कोणता हे राऊटरला ठरवता येत नाही. आता माझ्या संगणकावर दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसते, आणि वरच्या मुलाला त्याच्या लॅपटॉपवरून माझ्या संगणकाला पिंग करायला, म्हणजे हाक मारून पाहायला, सांगितले तेव्हा त्याला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ याखेरीज काही मिळाले नाही. प्रिंटरही आतच असल्यामुळे मुलांना काही छापायचे असले की ती फाइल मला व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि कागदाचा हिशेब आपोआप राहतो. काटेकोर माणूस म्हणेल की माझी सगळी ये-जा भाडेकरूंच्या नेटवर्कमधून होते, तेव्हा मोडेमच्या मागे दोघांना दोन स्वतंत्र राऊटर हवेत. ते तत्त्वतः खरे आहे. परंतु बँकेची आणि जीएसटीची संकेतस्थळे सर्व मजकूर सांकेतिक करूनच पाठवतात, मुलांना मी मोडेमच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर ठेवले आहे, आणि तिसऱ्या राऊटरला पैसे घालण्याची माझी तयारी नाही.

केबलविषयी दोन गोष्टी सांगतो. ती गच्चीवरून नेण्याचा सल्ला मी मानला नाही, कारण बडोद्यात उघड्या तारेची परीक्षा उत्तरायणात होते; १४ आणि १५ जानेवारीच्या मांज्यात शेजारच्यांची गच्चीवरची तार कापली गेली आणि आमची चौकाच्या कडेने पाइपातून गेलेली शाबूत राहिली. दुसरी गोष्ट अशी की आमचा प्लॅन १५० मेगाबिटचा असताना मागच्या खोलीत वेग ९४ च्या वर हलत नव्हता. राऊटरला दोष देण्याआधी केबलचा जॅक उजेडात धरून पाहिला, तर त्यात फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी होती. निळी आणि तपकिरी जोडी कापून आवरणात दडपून टाकलेली होती. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवे जॅक लावून घेतल्यावर वेग पूर्ण मिळू लागला. नव्या केबलचा वेग ९४-९५ वर अडला तर आधी जॅक पाहावा.

राऊटरच्या मागे राऊटर, म्हणजे दुहेरी नॅट (अनेक यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवण्याचे काम दोनदा होणे), टाळावे असे बहुतेक जाणकार सांगतात, आणि पहिले काही आठवडे मलाही ते टोचत होते. पुढे मोडेमच्या पानावर त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता पाहिला, तर तो १०० आणि ७२ ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सेवा देणाऱ्या कंपन्यांनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी २०१२ पासून राखून ठेवलेले आहेत. म्हणजे माझ्या दोन नॅटच्या पुढे कंपनीचा तिसरा आधीपासूनच होता, आणि बाहेरून थेट घरात येण्याची सोय मला पहिल्या दिवसापासून नव्हती. व्हिडिओ कॉल, बँक, विवरणपत्रे, सर्व काही आतून सुरू होते आणि तिन्ही टप्प्यांतून बिनबोभाट चालते. ज्याला घराबाहेरून घरातल्या संगणकावर यायचे आहे किंवा ऑनलाइन खेळ खेळायचे आहेत, त्याची गोष्ट वेगळी. मला मात्र जो दोष वाटत होता, तीच माझी भिंत निघाली.

आता घड्याळ.

मागच्या खोलीतले वायफाय रात्री ११ ते सकाळी ६ बंद राहावे असे मी राऊटरच्या वेळापत्रकात लिहून ठेवले आहे. त्यातून वीज वाचते ती नगण्य, हे मला ठाऊक आहे. पण वापर नसताना गोष्ट चालू ठेवणे माझ्या स्वभावात नाही. हिवाळाभर हे वेळापत्रक इमानाने चालले. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी वीज जाऊ लागली तसा एक विचित्र प्रकार दिसू लागला: वीज परत आली की मागच्या खोलीतले वायफाय अर्धा तास मेलेले असायचे आणि मग कोणीही हात न लावता आपणहून उठायचे. तारेने जोडलेला संगणक तेवढ्या वेळात व्यवस्थित चाले. जीएसटीआर-३बी भरण्याच्या २० तारखेला, लॅपटॉपवर अर्धे काम असताना, हा अर्धा तास आला आणि माझा संयम सुटला.

सेवा केंद्रातल्या मुलाने राऊटर मूळ स्थितीला आणला, त्यांच्या लाइनवर लावला आणि “काका, अहीं तो चाले छे” असे सांगून परत दिला. तिथे तो चालणारच होता, कारण मूळ स्थितीला आणताना माझे वेळापत्रकच पुसले गेले होते. मी हे समजावून सांगितले, तेव्हा वायफाय बंद-चालू होणे हार्डवेअरचा दोष नसल्यामुळे वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. तक्रारीची पोच मागितली, तीही तोंडी मिळाली.

उलगडा घरी राऊटरच्या नोंदवहीत झाला. वीज आल्यानंतरच्या पहिल्या ओळीवर तारीख होती १ जानेवारी १९७० आणि वेळ पहाटेचे ५ वाजून ३० मिनिटे. अशी यंत्रे काळ मोजतात तो १९७० सालाच्या पहिल्या क्षणापासून, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून, आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. संगणकाच्या बोर्डावर सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी असते, म्हणून बंद असतानाही त्याचे घड्याळ चालते. राऊटरात ती नाही. वीज गेली की तो काळ विसरतो आणि चालू झाल्यावर इंटरनेटवरच्या सर्व्हरला वेळ विचारतो. अडचण अशी की हा राऊटर मिनिटाच्या आत उठतो, मोडेमला फायबरची लाइन पकडायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि उत्तर मिळाले नाही तर राऊटर पुन्हा विचारतो तो थेट २४ तासांनी. तोवर त्याच्या मते पहाटेचे साडेपाच झालेले असतात, वायफाय ६ वाजता सुरू करायचे असते, आणि म्हणून तो अर्धा तास शांत बसतो.

बंदी संपण्याची वेळ सकाळी ६ ऐवजी ५ केली की हा अर्धा तास फुकटात नाहीसा होतो. मी तसे केलेही. पण त्याने उरलेला गोंधळ मिटत नाही. दुपारी २ वाजता वीज आली, तर राऊटरच्या रात्रीचे ११ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वाजतात. रात्रभर वायफाय चालू राहते आणि सकाळी कामाला बसताना बंद होते. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर घालूनही फरक पडला नाही, कारण प्रश्न कोणाला विचारायचे हा नसून केव्हा विचारायचे हा आहे. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा विचारायला लावणे हे फर्मवेअरमधल्या, म्हणजे राऊटरच्या आतल्या प्रोग्राममधल्या, एखाद्या ओळीचे काम असावे. मधल्या काळात नवे फर्मवेअर आले, त्याच्या माहितीत ‘स्थैर्य सुधारले’ एवढेच लिहिले होते, आणि घड्याळ होते तसेच १९७० मध्ये राहिले.

शेवटी नाइलाजाने मोडेमसाठी बाराशे-तेराशे रुपयांचा छोटा यूपीएस घेतला. मोडेम १२ व्होल्टचा आणि नवा राऊटर ९ व्होल्टचा आहे. दोघांच्या पिना एकसारख्या दिसतात, म्हणून यूपीएसची १२ व्होल्टची तार चुकून राऊटरला लागू नये यासाठी तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. राऊटरला यूपीएस दिलेला नाही आणि त्याची गरजही नाही. एक्सचेंजपासून घरापर्यंतच्या फायबरला वाटेत वीज लागत नसल्यामुळे वीज गेली तरी मोडेमची लाइन टिकून राहते, आणि वीज आल्यावर राऊटर उठून वेळ विचारतो तेव्हा उत्तर तयार असते. यूपीएस आल्यापासून १९७० साल नोंदवहीत क्षणभर दिसते आणि लगेच नाहीसे होते. वीज नसताना मुलांचे वायफाय चालू राहते, त्यामुळे वरच्या मजल्यावर माझी प्रतिष्ठा थोडी वाढली आहे, हा न मागता मिळालेला फायदा.

जूनमध्ये वरचा एक मुलगा बदलला, तेव्हा मोडेमवरचा पाहुण्यांचा पासवर्ड तेवढा बदलला; मागच्या खोलीत कशालाही हात लावावा लागला नाही. ज्यांना वेळापत्रकाशी कर्तव्य नाही, त्यांनी हा राऊटर खुशाल घ्यावा. ज्यांना ते हवे आहे, त्यांनी कोणताही स्वस्त राऊटर आणल्यावर वॅनची केबल काढून ठेवावी, राऊटर बंद करून चालू करावा, पाच मिनिटांनी केबल लावावी आणि तासाभराने त्याच्या पानावर वेळ पाहावी. तिथे १९७० दिसले, तर परत करण्याची मुदत असेपर्यंत तो दुकानात नेऊन द्यावा, नाहीतर यूपीएसचे पैसे त्याच्या किमतीत धरावेत.