पितळ म्हणून विकलेली मुलाम्याची चाकं

जुन्या रेसिंग गाड्यांची मोठ्या स्केलची मॉडेल्स करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. नागपुरात 'हाताने घडवलेले पितळी सुटे भाग' म्हणून जो माल फिरतोय, त्यातला काही माल पितळ नाहीच. रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट काढायची, वर धातूचा मुलामा चढवायचा आणि पितळेच्या भावाने विकायचं. माझे चोवीस हजार रुपये यात गेले. माझ्या ओळखीच्या आणखी एकाचेही गेलेत.

माझं मॉडेल मासेराती २५०एफचं, १:८ स्केलमधलं. याच रेसिंग गाडीने अर्जेंटिनाचा ड्रायव्हर फान्जिओ ४ ऑगस्ट १९५७ ला नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर जर्मन ग्रां प्री जिंकला आणि त्या वर्षीचा विश्वविजेताही झाला. अडीच लिटरचं, ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण बारा वायरी, आणि तीन जुळे वेबर कार्बोरेटर. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी मी स्वतः ठोकून काढली, प्लगही लेथवर काढले. पण बोरानी या इटालियन कंपनीची तारांची चाकं हे वेगळंच काम आहे. खऱ्या गाडीचं सोळा इंची चाक या स्केलमध्ये जेमतेम ५१ मिलिमीटरचं होतं. तेवढ्यात प्रत्येक तार रिमच्या भोकातून निघून, दुसऱ्या तारेला ओलांडून, ठरलेल्या कोनात हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, बसली पाहिजे. त्याला जिग, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणारा साचा, लागतो, सारख्या अंतरावर भोकं पाडायला डिव्हायडिंग हेड लागतं. माझ्याकडे ते नाही, म्हणून चार चाकं आणि तीन कार्बोरेटर बाहेरून करून घ्यायचं ठरवलं.

ज्याच्याकडे दिलं, तो आधी टूल रूममध्ये काम केल्याचं सांगायचा आणि बोलायला पक्का कारागीर वाटायचा. डाख, टाकणखार, आट्यांचे माप, सगळं तोंडपाठ. पैशांचं बोलणं होण्याआधीच त्याने चाकाचा दोन कानांचा नट नमुना म्हणून दिला. मी त्यावर कानस मारून पाहिली. अस्सल भरीव पितळ, आटेही स्वच्छ. पुढे समजलं की दुसऱ्या गिऱ्हाईकालाही त्याने असाच नट दिला होता. नमुना खरा, माल खोटा, ही त्याची रीतच आहे. नट काढायला साध्या लेथवर थोडाच वेळ लागतो, आणि त्याच्या जोरावर चाकांचा ॲडव्हान्स मिळतो.

निम्मे पैसे आधी, निम्मे माल पाहून, असं ठरलं. मधल्या काळात मी कामाचे फोटो मागत होतो. येणारे फोटो नेहमी पूर्ण झालेल्या, पॉलिश केलेल्या चाकांचे. अर्धवट काम दाखवा म्हटलं की, 'दादा, जिग आपलं गुपित आहे.' एका फोटोत चाकाशेजारी स्टीलची पट्टी होती आणि तिच्यावर फक्त इंचांच्या खुणा होत्या, तर हा माणूस सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहून द्यायचा. नंतर तो फोटो इंटरनेटच्या इमेज सर्चमध्ये टाकून शोधला, तेव्हा मूळ फोटो परदेशातल्या एका मॉडेलकाराचा निघाला.

माल आला तो निकेलच्या मुलाम्याचा, चकचकीत. हातात घेतला तर वजनदार. त्याने माझ्यासमोर लोहचुंबक लावून दाखवला: 'पाहा, चिकटत नाही, पितळच आहे.' पितळेला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण तो प्लास्टिकलाही चिकटत नाही. उरलेले पैसे दिले.

उलगडा झाला तो कार्बोरेटरला पेट्रोलची नळी जोडताना. डाख लावायला सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि मुलाम्याला फोड आला. जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. फोड चिमट्याने उचलला तर खाली करडं रेझिन, आणि त्यावर तांब्याचा पातळ थर. रेझिनला वीज वाहून नेणारा लेप दिला की त्यावर आधी तांबं आणि मग निकेल चढवता येतं. चाकाच्या रिमला आतल्या बाजूने कानस मारली, तिथेही तेच. हबच्या पोकळीत शिसं भरून वजन आणलेलं होतं. खात्रीसाठी एक चाक इतवारीच्या सराफ्यात एका जुन्या कारागिराला दाखवलं. त्याने ते भिंगाखाली फिरवलं आणि म्हणाला, "पितळ नाही जी हे. वरून पाणी चढवून राहिले लोकं."

दुसऱ्या गिऱ्हाईकाचं तर याहून वाईट झालं. त्याने रिमवर घट्ट रबरी टायर चढवून मॉडेल वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलं. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, डोक्यावर टिनाचं छत. रिम अंडाकृती झाली आणि तारा वाकल्या. धातूच्या चाकाला असल्या उन्हाने काहीही होत नाही.

मुलामा दिलेलं रेझिन वाईट असतं असं मी म्हणत नाही. स्पष्ट सांगून, त्या भावात कोणी विकत असेल तर शोकेसच्या मॉडेलला ते चालतं. पण पितळेची मजुरी घेऊन रेझिन देणं ही उघड चोरी आहे, आणि जे कारागीर आठवडेच्या आठवडे जिगवर तारा ओवत बसतात त्यांच्या पोटावर पाय आहे. अशा एका माणसामुळे खऱ्या कारागिराकडेही संशयाने पाहिलं जातं, याचा मला जास्त राग आहे.

चाक ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण तारांमध्ये आहे. दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहा. खऱ्या चाकात एक तार दुसरीच्या वरून जाते, त्यामुळे फट मिळते. माझ्या चाकांत त्या जागी दोन्ही तारा एकजीव झालेल्या होत्या. टाचणीने तार छेडली तर पोलादी तार झणकते आणि जागेवर येते, रेझिनची मुकी राहते. कार्बोरेटरसारख्या भागाला आतून, न दिसणाऱ्या जागी कानस मारायची परवानगी पैसे देण्याआधी मागा, आणि ही चाचणी नमुन्यावर नाही, आलेल्या मालावर करा. काम चालू असताना अर्धवट चाक आजच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून फोटो मागा. खरं काम करणाऱ्याच्या टेबलावर भोकं पाडलेली मोकळी रिम, तुटलेलं ड्रिल, पितळेचा कीस असं काहीतरी असतंच.

माझे पैसे यूपीआयने गेले होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला बँकेकडून मिळणारे क्रमांक, जोडले. ही तक्रार जितकी लवकर होईल तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात गेले की थांबवणं अवघड होतं. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील नसला तरी चालतो. पैसे अजून मिळालेले नाहीत. कानस मारलेलं चाक, फोड आलेला कार्बोरेटर आणि ठरलेल्या कामात 'भरीव पितळ' असं लिहिलेला त्याचा व्हॉट्सॲप मेसेज, हे सगळं मी पुरावा म्हणून जपून ठेवलंय. असा माल तुमच्याकडेही आला असेल तर चॅट डिलीट करू नका, आणि भाग चिडून फेकूनही देऊ नका. तक्रारीला तेच लागतं.